मायचा राहिलेला शब्द

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी खान्देशात कोणी कोणाला बोलत नाही. पुरुषांनी दिवसाढवळ्या पारावर बसून पत्ते कुटावेत, सासरी गेलेल्या मुलींनी माहेरी येऊन झोक्यावर बसावं, सगळं माफ. आणि त्याच दिवशी घरातून गेलेल्या माणसांना पाणी पाजायचं असतं. मातीची घागर भरायची, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, पुढे सांजोऱ्या आणि आमरसाचं पान. खेळ आणि पितर एकाच दिवशी एकाच घरात कसे नांदतात, हा प्रश्न कोणाला पडत नाही. नूतनलाही इतकी वर्षं पडला नव्हता.

नूतनचं सासर नशिराबादला. जळगाव, धुळे, साक्री अशा एसट्या बदलत ती आदल्या संध्याकाळी माहेरी पोचली. गाव साक्रीच्याही पुढे, डोंगराच्या पोटाशी. घर साधं स्लॅबचं, पुढे फरशीचा ओटा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. तिची माय झुंबरबाई मार्गशीर्षात गेली, त्यामुळे यंदाची घागर मायच्या नावाची होती. भाऊ भूषण आणि वहिनी यांना वाटलं, बिचारी रडायला आली आहे. रडू तर होतंच, पण नूतनला खरी टोचणी होती ती एका शब्दाची. माय जाताना तिचा एक शब्द सांगायचा राहून गेला होता, आणि तो ऐकायचा होता नूतनने.

झुंबरबाई म्हणजे बोलणं. गल्लीत भांडण लागलं की दोन्ही बाजूंनी तीच बोलायची, अशी तिची ख्याती. अशा बाईला श्रावणात झटका आला आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. डोकं शाबूत, कान शाबूत, सगळं कळतंय आणि तोंडातून नुसतं घों घों. घरातली माणसं पलंगाभोवती उभी राहून मोठमोठ्याने विचारायची, पाणी का, चहा का, पंखा लावू का. जसं काही ती बहिरीच झाली आहे. माय रागाने भिंतीकडे तोंड फिरवायची, आणि लोक म्हणायचे, झोपली वाटतं.

नूतन तेव्हा महिन्यातले आठ-दहा दिवस इथेच असायची. भूषणची मुलगी सुलक्षणा धुळ्याला कॉलेजात, ती सुटीला आली की सकाळी उठल्याउठल्या फोनवर शब्द ओळखायचा एक खेळ खेळत बसायची. नूतनने एकदा डोकावून पाहिलं. फोनच्या पोटात एक शब्द लपवलेला असतो. आपण अंदाजाने त्याच मापाचा कुठलाही शब्द टाकायचा. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असली तर घर हिरवं होतं. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, तर पिवळं. अक्षर शब्दात नाहीच, तर काळं. तेवढ्या खुणांवरून पुढचा शब्द टाकायचा, मग त्याच्या पुढचा, असं करत लपलेल्याला कोपऱ्यात गाठायचं. नूतनच्या डोक्यात तिथल्या तिथे लख्ख उजेड पडला.

माय चौथी शिकलेली. खेळ तिला समजावायला एक दुपार पुरली. मायला पलंगावरून उतरवून खाली भिंतीशी टेकून बसवायचं, फरशीवर खडूने घरं आखायची, शब्दाला जितकी अक्षरं तितकी घरं, आणि ती किती हे माय बोटांनी दाखवणार. काना-मात्रा धरायच्या नाहीत, नुसतं अक्षर. ताटलीत तीन धान्यं. नूतनने शब्द बोलायचा आणि मायने डाव्या हाताने घराघरात दाणे ठेवायचे. अक्षर जागेवर असेल तर हरभरा, असून जागा चुकली असेल तर तूर, नसेलच तर ज्वारी. फोनवर सहाच अंदाज टाकायची मुभा असते, मायला तसलं बंधन नव्हतं. तिने घातलेली अट एकच. दाणे ठेवताना तिचा हात कापायचा, एखादा हरभरा हमखास निसटून घरंगळायचा आणि तो चाचपडत शोधावा लागायचा. ते कोणी पाहिलेलं तिला खपत नसे. म्हणून शब्द बोलून झाला की नूतनने पाठ फिरवून बसायचं आणि फरशीवर तळहाताची थाप ऐकू आली की वळायचं.

पहिला शब्द सापडला तो 'सुपारी'. आठवडाभर बाईला सुपारी हवी होती आणि ही मंडळी तिच्या तोंडात गोळ्या कोंबत होती. दुसरा 'उकिरडा'. पावसाआधी उकिरडा उपसला नाही म्हणून ती तळमळत होती. माणूस पलंगाला खिळलेलं आणि जीव उकिरड्यात. नूतन हसून हसून लोळली आणि मायच्या तोंडाची डावी बाजूही हसली. त्या चार महिन्यांत मायलेकी जितक्या जवळ आल्या तितक्या जन्मात कधी आल्या नव्हत्या. जे आहे ते असं आहे.

या सगळ्यात आबा, म्हणजे नूतनचे वडील, कुठे होते? ओट्यावर. मायचा पलंग आतल्या खोलीत, आबांची खाट बाहेर ओट्यावर, मध्ये एक दार. चार महिन्यांत ते दार ओलांडून आबा पलंगापाशी येऊन बसले नाहीत. दाराशी येत, चौकटीला हात लावून उभे राहत, आणि परत फिरत. त्यांना पाहवत नव्हतं, असं भूषण म्हणायचा. नूतनला त्यांचा राग यायचा, पण बापाला बोलणार कोण.

मार्गशीर्षातली ती शेवटची खेप. नूतन परत निघायची होती, पिशवी भरून दारात ठेवलेली. मायने ताटलीकडे बोट केलं आणि चार बोटं दाखवली. नूतनने घाईघाईने चार घरं आखली. 'दवाखाना' म्हणाली, पाठ फिरवली, थाप पडली. दुसऱ्या घरात हरभरा, म्हणजे तिथे 'व'. बाकी ज्वारी. मग म्हणाली 'देवपूजा'. पुन्हा 'व'चा हरभरा, आणि शेवटच्या घरात तूर, म्हणजे 'ज' आहे पण इथे नाही. तेवढ्यात बाहेरून भूषणने आवाज दिला, एसटी फाट्यावर आली म्हणून. नूतन उठली. मायने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, आणि त्या हातात इतका जोर असेल असं नूतनला वाटलं नव्हतं. राहिलेलं पुढच्या खेपेला, असं म्हणत तिने ती बोटं एकेक करून सोडवली. पुढची खेप झाली ती मयताला.

तेव्हापासून ती दोन अक्षरं नूतनच्या डोक्यात घर करून बसली. पोळ्या लाटताना, भांडी घासताना ती शब्द जुळवायची. नवरा प्रेमराज समजूतदार माणूस. तो म्हणायचा, माय गेली, शब्द गेला, आता जीवाला किती लावून घेशील. पण नूतनच्या मनगटावरची ती पकड सुटत नव्हती. मायने काही मागितलं होतं आणि आपण एसटी पकडली, याची तिला लाज वाटत होती.

तर आखाजीची दुपार. घागर आतल्या खोलीत, जिथे मायचा पलंग होता त्याच जागी मांडलेली. आमरसाची जेवणं आटोपली होती. भूषण पारावर पत्त्यांत, वहिनी शेजारणींबरोबर निंबाच्या झोक्याकडे. आबा ओट्यावर खाटेवर आडवे. बाहेर ऊन असं की कुत्रंही सावली सोडत नव्हतं. घरात नूतन एकटी.

घागर पाझरत होती, तिच्या बुडाशी ओलं वर्तुळ झालं होतं. नूतन समोर बसली आणि वेड्यासारखं वाटत असूनही तिने खडू घेतला. चार घरं आखली. ताटलीत हरभरा, तूर, ज्वारी घातली आणि घागरीजवळ, माय बसली असती तर तिच्या डाव्या हाताला येईल अशी सरकवली. मग हळूच म्हणाली, "जेवायला." आणि सवयीने पाठ फिरवली.

काही झालं नाही. होणार तरी काय होतं. तिला स्वतःचंच हसू आलं, डोळेही भरले. नाक पुसून ती उठणार, तेवढ्यात मागे ताटलीत दाणे हलले.

उंदीर, तिच्या मनात आलं. पण उंदराला घाई असते. हा आवाज सावकाश होता, चाचपडत, एकेक दाणा निवडल्यासारखा. बांगड्या वाजल्या नाहीत, त्या दवाखान्यात काढून ठेवल्या होत्या. एक हरभरा फरशीवर पडला, घरंगळत भिंतीपर्यंत गेला, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी फरशीवरून घासत गेलं आणि परत आलं. मग थाप पडली.

ती वळली. पहिल्या घरात हरभरा, दुसऱ्यात हरभरा, पुढे दोन ज्वारी. ताटलीशी कोणी नव्हतं. घागरीवरचं डांगर मात्र जरासं कलंडलं होतं.

शहाण्या माणसाने इथे उठून ओट्यावर जायला हवं होतं. नूतन शहाणी होती, पण मुलगी आधी होती. भीती होतीच, आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, माय माझ्यावर रागावली नाही, माय खेळायला आली. तिच्या तोंडून हुंदका निघाला.

झोक्यावरून पाणी प्यायला आलेल्या सुलक्षणाने तो ऐकला आणि ती आत आली. फुई, म्हणजे आत्या, अशी का बसली आहे, हे तिने विचारलं, आणि नूतनने जमेल तसं सांगितलं. सुलक्षणाचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, दाणे फुईनेच ठेवलेत, दुःखात माणसाला भान राहत नाही. ती समजूत घालत शेजारी बसली आणि घरांकडे पाहून म्हणाली की आता अर्थ शोधत बसू नये, नवी अक्षरं तपासावीत, खेळ तसाच खेळतात. तिनेच शब्द सुचवला, 'जेवणार'. 'ण' आणि 'र' तपासून होतील. नूतन तो शब्द बोलली आणि दोघींनी पाठ फिरवली. सुलक्षणा अर्धवट हसत होती.

ताटली वाजली तेव्हा तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मोठे झाले. तिने नूतनचा दंड धरला. दाणे चाचपले जात होते, ठेवले जात होते. या वेळी हात घाईत होता. श्वासही ऐकू येत होता, एका बाजूने ओढल्यासारखा, माय शेवटी घ्यायची तसा. सुलक्षणाने मान वळवायला सुरुवात केली, तेव्हा नूतनने तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं. मायला पाहिलेलं खपत नसे. थाप पडली, आधीपेक्षा जोरात.

हरभरा, हरभरा, ज्वारी, तूर. म्हणजे 'र' आहे, पण शेवटी नाही. पहिली दोन घरं तर भरलेली, मग 'र' बसणार तिसऱ्यातच. ज, व, र, आणि शेवटचं एक घर मोकळं.

नूतन त्या तीन अक्षरांकडे पाहत राहिली. चार महिने खेळात, आणि नंतरचे सगळे महिने मनात, तिने वाण्याच्या दुकानातल्या, शेतातल्या, देवळातल्या शब्दांचा भुगा पाडला होता. माणसांची नावंही घेतली होती, मामाचं, मावश्यांचं, मेलेल्या बैलाचंसुद्धा. एक नाव तेवढं मनात आलं नव्हतं, कारण मायच्या तोंडी ते असेल असं या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मायने नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा म्हणे तिने पदर तोंडात कोंबला होता. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मानायची. वाचा जायच्या आधी एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हाही तिने भूषणकडे बोट केलं होतं. पोरंही बापाला आबा म्हणत आणि गावही आबाच म्हणे. नाव उरलं होतं ते विजेच्या बिलावर. जीवराम.

आपल्याला काय, आपण इथे नाव लिहून मोकळे झालो. नूतनने ते उच्चारलं नाही. तिला एकदम सगळं दिसलं. त्या दिवशी माय काय मागत होती? फक्त एवढंच, की त्यांना आत बोलाव. हाक मारायला वाचा नव्हती, म्हणून तिने जन्माचा नेम मोडून चार बोटं दाखवली होती. नूतनने तेव्हा पाच मिनिटं दिली असती, तर आबा ओट्यावरून उठून दहा पावलं चालून पलंगापाशी बसले असते, आणि कोणाचं काही गेलं नसतं. आज तोच शब्द बोलायचा म्हणजे घागरीपलीकडच्या बाईने नवऱ्याला बोलावणं, आणि बोलावणारं तोंड मुलीचं.

"फुई, हे तर आबांचं..." सुलक्षणाला सापडलं होतं. धुळ्याच्या कॉलेजातली पोर, तिला नाव घ्यायला कसली आली अडचण. तिने तोंड उघडलं आणि नूतनने त्यावर हात दाबला.

"नाही. हा शब्द बोलायचा नाही."

फरशीवर थाप पडली. या वेळी त्यांनी पाठ फिरवलेली नव्हती आणि समोर कोणी नव्हतं. पुन्हा थाप. ताटलीतले दाणे उडाले. नूतन घागरीपुढे हात जोडून बसली आणि रडत म्हणाली, "माय, मला कळलं. माझं चुकलं. पण आता नको मागू. आता नाही देता येत."

थाप थांबली. बाहेरून झोक्याची करकर ऐकू यायला लागली. नूतनने दोन्ही तळहातांनी दाणे गोळा केले, पदराने चारही घरं पुसून टाकली. खडूचा एक ठिपकाही ठेवला नाही. शब्द कोणी बोललं नव्हतं. खेळ अर्ध्यावर मोडला होता. मायचं मागणं दुसऱ्यांदा नाकारलं, याने तिचं काळीज फाटत होतं, पण बाप वाचला, असंही वाटत होतं.

तेव्हा ओट्यावरून आबांचा आवाज आला. झोपेतला नव्हे, चांगला जागा, आणि कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता असा मोकळा.

"ओ. उनू."

आलो, असं म्हणत होते ते. खाट करकरली. काठी न घेता आबा चालत आले, चौकटीशी थबकले नाहीत, उंबरा ओलांडून सरळ आत आले. नूतन त्यांच्या वाटेत आडवी आली. कोणीच हाक मारलेली नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. तुम्ही ओट्यावर जा, भूषणला बोलावते, चहा करते, जे तोंडाला येईल ते ती बोलत सुटली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला बाजूला केलं.

"तीन डाव हाक मारी तिनी," आबा म्हणाले. "पहिल्या दोन हाकास्ले ओ दिधी नही मी. भर दुपारना पहिल्या हाकले ओ देवानी नही, मालूम शे मले. पन तिसरी हाक नाव लिसनी मारी. जनमभर नाव लिधं नही तिनी, नूतन. आज लिधं."

घागरीपुढे पाट मांडलेला होता, जेवणाच्या पानासमोरचा, ज्यावर कोणी बसत नाही. आबा त्यावर बसले. नूतनने त्यांचा हात धरून ओढलं, तो हात हलला नाही.

"आबा, तिथे नका बसू."

"चार महिना बठनू नही," आबा म्हणाले. "आते बठस."

मग त्यांनी दोघींना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घ्या म्हणाले. का कोणास ठाऊक, त्या आवाजाला नाही म्हणणं नूतनला जमलं नाही. सुलक्षणा पाराकडे पळाली, बापाला आणायला. नूतन ओट्यावर रिकाम्या खाटेशी उभी राहिली. आतून आबांचं बोलणं ऐकू येत होतं, हळू, थांबत थांबत, समोरच्याला मध्ये बोलायला जागा सोडत. पाऊसपाणी, कोणाची सोयरीक जमली, कोणाची मोडली, चार महिन्यांचं आणि त्यानंतरचंही. मध्येच ते हसले. मग आबा बोलायचे थांबले आणि मायचा आवाज आला, झटका यायच्या आधीचा, गल्लीभर ऐकू जाणारा.

पारावरून भूषण धावत येताना दिसला. नूतनने दार उघडून आत जायला हवं होतं. पण मायची बोटं तिला पुन्हा सोडवायची नव्हती. ती दाराला पाठ लावून तिथेच उभी राहिली.